डोंगर उत्तरेला, नदी दक्षिणेला

बरेच दिवस झाले इथे काही लिहिलं नाही. आधी रिलीज, मग रिलीजनंतरचे बग, मग त्या बगांच्या मीटिंगा. या विकांताला मात्र ऑफिसचा लॅपटॉप बॅगेतच ठेवलाय. डोक्यात एक किडा कधीचा वळवळतोय, तो एकदाचा बाहेर काढतो. विषय जर्मनीतल्या द्राक्षांचा आहे आणि आमच्या जळगाव जामोदच्या पाच एकर गोट्यांचाही आहे. दोन्हीचा संबंध काय ते वाचता वाचता कळेल. नाही कळलं तर चूक माझी.

सुरुवात बाबांच्या फोनने झाली. तेव्हा मी ऑनसाईट होतो, फ्रँकफर्टला. शुक्रवारची संध्याकाळ, आणि तिकडून आवाज आला, "वरच्या वावराले गिऱ्हाईक आलं हाय. बरे पैसे देतो म्हन्ते. तुह्यं काय म्हननं हाय?"

माझं काय म्हणणं असणार? इंजिनिअरिंग झाल्यापासून पुण्यात, गावी दिवाळीला चार दिवस. पण घशात काहीतरी अडकलं खरं. "विचार करून सांगतो" म्हणालो.

वरच्या वावराची गोष्ट आधी सांगायला हवी. पणजोबांची बारा एकर जमीन होती, दोन तुकड्यांत. सात एकर खाली, भेंडवळच्या बाजूला, काळीभोर, सुपीक, जिच्यात पाय रुतला की चप्पल सोडूनच बाहेर यायचं. आणि पाच एकर वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. बरड, मुरमाड, नांगराचा फाळ लागला की ठिणगी उडेल अशी. वाटणी झाली तेव्हा सात एकर काळी मोठ्या आजोबांकडे गेली, गोटे आमच्या आबांकडे आले. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "त्यायच्या वाट्याले सोनं, आमच्या वाट्याले गोटे." लहानपणी ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की वाटणी माझ्यासमोरच झाली असं वाटतं.

तर फोनच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या दोघांबरोबर रुडेसहाइमला जायचं ठरलं होतं. फ्रँकफर्टहून ट्रेनने तासा-सव्वातासाचा रस्ता. हा सगळा भाग राइनगाऊ, जर्मनीतला मोठा नावाजलेला वाईनचा प्रदेश. (आई, तू वाचत असशील तर, मी फक्त वास घेतला.) ट्रेनमधे खिडकीशी बसून मोबाईलवर नकाशा बघत होतो आणि बघता बघता सरळच होऊन बसलो.

ऱ्हाइन नदी एरवी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. पण माइन्झपाशी तिला समोर टाउनुसचा डोंगर आडवा येतो, आणि ती डावीकडे वळून जवळजवळ तीस किलोमीटर पश्चिमेकडे वाहते. मग बिंगेनला फट सापडली की पुन्हा उत्तरेला. या तीस किलोमीटरच्या पट्ट्यात डोंगर उत्तरेला, नदी दक्षिणेला, आणि मधे दक्षिणेकडे तोंड करून बसलेला उतार. राइनगाऊ म्हणजे हा उतार.

आता आमचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला सातपुडा. दक्षिणेला पूर्णा, तीही पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी. मधे सातपुड्यापासून पूर्णेपर्यंत उतरत जाणारी जमीन, दक्षिणेकडे तोंड केलेली. तोच नकाशा! फरक एवढाच की त्यांच्या नकाशावर पन्नासावं अक्षवृत्त जातं आणि आमच्यावर एकविसावं.

त्या उतारावरच्या जमिनीची किंमत मी बरोबरच्या जर्मन मित्राला विचारली. आकडा त्यालाही नक्की माहीत नव्हता, पण तो हसून म्हणाला, विकतंय कोण? आणि इथे आमचे बाबा तशाच उतारावरची जमीन विकायची का म्हणून विचारत होते.

जर्मनी द्राक्षासाठी थंड देश आहे. द्राक्षवेलीला जगायला तशी फारशी थंडी-वाऱ्याची भीती नाही, पण फळ पिकायला उन्ह लागतं. पन्नासाव्या अक्षवृत्तावर सप्टेंबरअखेरीला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम चाळीस अंश वर असतो. इंजिनिअर असल्यामुळे मी लगेच त्रिकोणमिती काढली. सपाट जमिनीवर ते उन्ह तिरकं पडून पसरतं. तीच जमीन दक्षिणेकडे तीस अंशांनी कलती असेल तर तेवढ्याच क्षेत्रावर जवळजवळ दीडपट उन्ह पडतं. म्हणजे त्या उतारावर वेल लावली की ती फुकटात कित्येकशे किलोमीटर दक्षिणेला जाऊन बसते. त्यात उत्तरेचे गार वारे टाउनुस अडवतो, समोरचं रुंद पाणी रात्री एकदम गार होऊ देत नाही. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. आकडा ऐकून मी चमकलो, कारण आपल्याकडेही सातशेच्या आसपासच पडतो. पण त्यांचा बारा महिने थोडा थोडा, आपला चार महिन्यांत, तोही मनात आलं तर. उगाच नाही भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडून पावसाचं भाकीत बघायला लोक पहाटे गर्दी करतात.

राइनगाऊत एक दंतकथा सांगतात. शार्लमेन राजा नदीपलीकडे इंगेलहाइमच्या आपल्या वाड्यातून बघत होता. सगळीकडे बर्फ, पण समोरच्या एका टेकडीवरचं बर्फ सगळ्यांत आधी वितळलेलं. तो म्हणाला, तिथे वेली लावा. ही टेकडी योहानिसबर्ग. कथा खरी असो वा नसो, तिच्यातलं विज्ञान खरं आहे. थंड देशात जमीन कशी निवडायची याचा इतका सोपा टेस्ट केस मी दुसरा पाहिला नाही. पुढे १७२० च्या सुमारास फुल्डाच्या धर्मपीठाने ती टेकडी घेऊन तिच्यावर फक्त रीसलिंग जातीची द्राक्षं लावली. आणि १७७५ साली तो प्रसिद्ध घोटाळा झाला. तोडणीची परवानगी फुल्डाहून यायची. परवानगी घेऊन येणारा स्वार कित्येक दिवस उशिरा पोचला (का, यावर तिकडे भरपूर विनोद आहेत), तोपर्यंत द्राक्षं बुरशी लागून सुकली. तरी वाईन केली, आणि ती अप्रतिम निघाली. उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या वाईनला ते 'श्पेटलेझे' म्हणतात, तिची कुळकथा ही. त्या डेडलाईन चुकवणाऱ्या माणसाचा त्यांनी तिथल्या अंगणात घोड्यासकट पुतळा उभारलाय. माझ्या मॅनेजरला फोटो पाठवला होता. उत्तर आलं नाही.

पुढच्या विकांताला मी एकटाच मोझेलला गेलो. मोझेल ही ऱ्हाइनला मिळणारी छोटी, नागमोडी नदी. तिथे वेली रोमनांच्या काळापासून आहेत. ट्रिअरच्या संग्रहालयात इसवीसन २२० च्या सुमाराचं एक दगडी शिल्प आहे, वाईनची पिंपं भरलेली होडी आणि वल्ही मारणारे खलाशी. पण खरं बघण्यासारखं आहे ते डोंगर. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट नावाचा मळा जवळजवळ ६५ अंशांच्या चढावर आहे. पासष्ट! खाली उभं राहून बघितलं की भिंतीवर वेली टांगल्यासारख्या दिसतात. ट्रॅक्टर शक्य नाही. कामगार एका रुळावर चढणाऱ्या छोट्याशा दातेरी गाडीला लटकून वर जातात. तारांचे मांडव नाहीत, प्रत्येक वेल स्वतःच्या एकट्या खांबाला बांधलेली.

आणि जमीन म्हणाल तर माती नाहीच. निळसर-काळ्या पाटीच्या दगडाचे तुकडे, आपली शाळेतली पाटी फोडून पसरवावी तसे. मी एक तुकडा हातात घेतला. ऑक्टोबरच्या गार संध्याकाळी तो कोमट होता. दिवसभर उन्ह पिऊन दगड रात्री वेलीला ऊब देतो. पाऊस पडला तर पाणी तुकड्यांतून खाली पळतं, मुळं कुजत नाहीत, ती फटी शोधत कित्येक मीटर खोल जातात. मातीत खायला फार नाही, म्हणून वेल पानांचा पसारा वाढवत नाही. थंड हवा, गरम दगड, भुकेली वेल. रीसलिंगला हेच मानवतं, ती उशिरा पिकते आणि हळूहळू पिकताना तिचा आंबटपणा टिकून राहतो.

तो तुकडा हातात धरून उभा होतो आणि कानात आजी, "आमच्या वाट्याले गोटे".

ट्रिअरला एका दुकानात जुन्या नकाशाची प्रत टांगलेली दिसली. १८६८ सालचा, मोझेल आणि सार नद्यांच्या मळ्यांचा. हा भाग तेव्हा प्रशियाच्या राज्यात होता, आणि सारा बसवण्यासाठी सरकारने प्रत्येक मळ्याची उत्पन्नावरून प्रतवारी केली होती. क्लोटन नावाच्या अधिकाऱ्याने ती रंगांत उतरवली. जितका मळा चांगला, तितका लाल रंग गडद. गडद लाल ठिपके बघत गेलो तर सगळे उभ्या चढावर, दक्षिणेकडे तोंड करून, दगडात. सपाट, खोल, मऊ मातीची शेतं फिकी किंवा रंगच नाही. सारा वसूल करणाऱ्याचा नकाशा होता तो, पण आज वाईनवाले तो अभिमानाने भिंतीवर लावतात.

हे बघून मला आपला सातबारा आठवला. नेमका कसा ते सांगतो. सातबाऱ्यावर क्षेत्राच्या जवळ 'आकारणी' म्हणून रुपये-पैशांत एक हास्यास्पद आकडा असतो. चहाही येणार नाही इतका. तो येतो कुठून, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

तर ऐका. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ पासून इथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमिनीची मोजणी आणि प्रतबंदी सुरू झाली. म्हणजे मोझेलचा नकाशा आणि आमची प्रतबंदी एकाच दशकातली. (आमचा जळगाव तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात होता, बुलढाण्यात आला १९०५ साली. अजूनही गावातले म्हातारे कोर्टकचेरीचं नाव काढलं की अकोल्याकडे हात करतात.) प्रतबंदीवाला शेतात खड्डा खणायचा आणि दोन गोष्टी बघायचा, माती कशी आणि किती खोल. बारीक पोताची काळी माती पावणेदोन हात खोल असली की पहिली प्रत, सोळा आणे. खोली कमी होत गेली की चौदा, बारा, दहा असं करत खाली. लाल-भुरकट, जाडसर माती त्याखालच्या वर्गात. खडीची, मोकळी माती तिसऱ्या वर्गात, आणि सगळ्यांत खालची प्रत दोन आण्यांची. त्यावर पुन्हा 'दोष' वजा व्हायचे. चुनखडी मिसळलेली असली की दोष. वाळू असली की दोष. आणि दोषांच्या त्या यादीत एक दोष होता, उतार.

उतार हा दोष!

मोझेलचा सारा बसवणाऱ्याने ज्याला गडद लाल रंग दिला, त्यासाठी आमच्या सारा बसवणाऱ्याने आणे कापले. दोघंही आपापल्या जागी हुशार होते. मोझेलला कमी पडतं ते उन्ह. म्हणून उन्ह गोळा करणारा उतार आणि उन्ह साठवणारा दगड तिथे मोलाचा. आमच्याकडे उन्हाची टंचाई कधी झालीय? मे अखेरीला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, दुपारी खांबाची सावली खांबातच नाहीशी होते, पारा पंचेचाळीसला टेकतो. आमच्याकडे कमी पडतं पाणी. चार महिन्यांचं पाणी पुढे चार महिने धरून ठेवेल ती माती मोलाची, आणि ते खोल काळ्या मातीला जमतं. पऱ्हाटी, तूर, ज्वारी या सगळ्यांना पाऊस थांबल्यावर तीच जगवते. उतारावरून पाणी आणि माती दोन्ही पळतात. त्यात त्याच १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे वऱ्हाडच्या कापसाला भाव चढलेला होता. कापसाच्या डोळ्यांनी बघितलं तर आमचे गोटे दोन-तीन आण्यांचेच.

म्हणजे जमीन चांगली की वाईट हे एकट्या जमिनीवरून सांगताच येत नाही. हवेला काय कमी पडतंय आणि लावणार काय आहात, हे कळल्याशिवाय मातीला मार्क देता येत नाहीत. आमच्या घरातलं पन्नास वर्षांचं भांडण मात्र एका प्रश्नपत्रिकेच्या मार्कांवर चाललं होतं.

पुढे जे झालं ते प्रतबंदीवाल्याच्या खड्ड्यात दिसणारं नव्हतं, कारण ते फार खोल होतं. पूर्णेचं खोरं म्हणजे एक प्रचंड लांबट खळगा, त्यात शेकडो मीटर गाळ भरलेला. नदीकडे हा गाळ बारीक, चिकण. त्यातून पाणी हलत नाही. क्षार धुऊन जायला वाटच नाही, वर उन्ह पाणी शोषून घेतं आणि मीठ मागे राहतं. हा खारपाणपट्टा, अमरावतीपासून अकोल्यावरून आमच्या बुलढाण्यापर्यंत, शेकडो गावं. वरून सोळा आण्यांची काळी माती आणि खाली विहिरीला गुरंही तोंड लावत नाहीत असं पाणी. ते पाणी शेताला दिलं तर माती दगडासारखी होते, चोपण. मोठ्या आजोबांनी विहीर खणली होती. माझ्या चुलतभावांनी नंतर तिचा उकिरडा केला. पिण्याच्या पाण्याचं तर विचारूच नका. आमच्या आणि संग्रामपूर तालुक्यातल्या किडनीच्या रुग्णांच्या बातम्या मी शाळेपासून वाचतोय. वान धरणावरून १४० गावांना नळाने गोडं पाणी द्यायची योजना करावी लागली ती यामुळेच.

डोंगराच्या पायथ्याला वेगळंच प्रकरण. सातपुड्यातून धावत येणारे नाले सपाटीवर आले की दम सोडतात आणि मोठे गोटे, खडी, वाळू आधी टाकून देतात. बारीक चिखल तेवढा पुढे नदीकडे नेतात. भूगर्भवाले पायथ्याच्या या गोट्यांच्या पट्ट्याला बजाडा म्हणतात. पावसाचं पाणी त्यात चाळणीसारखं खाली जातं, आणि ते गोड असतं, कारण ते हलतं, मीठ धरून बसत नाही. आबांनी १९७२ च्या दुष्काळानंतर वरच्या वावरात विहीर घेतली. तेव्हा त्यांना वेड्यात काढलं होतं म्हणे. गोडं पाणी लागलं. ऐंशीच्या दशकात त्यांनी संत्रा लावला.

संत्र्याबद्दल मला एक गोष्ट जर्मनीहून परत आल्यावर कळली, तीही बाबांकडून. वेलीला आणि झाडाला फुलायच्या आधी झोप लागते. जर्मनीत ती झोप हिवाळा देतो. पानं गळतात, वेल चार-पाच महिने मेल्यासारखी पडून राहते, वसंतात सगळ्या कळ्या एकदम फुटतात. आपल्याकडे तशी थंडी नाही, वेल झोपतच नाही. मग नाशिकवाले काय करतात? एप्रिलमधे खरड छाटणी करून काडी तयार करतात आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी करून फळ घेतात. कळ्या एकदम फुटाव्या म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. थंडीचं काम कात्री आणि रसायन करतं. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा इथे द्राक्षं-डाळिंबं वर्षातून दोनदा येतात याची त्याने नोंद केली होती. ती न झोपणारी वेल त्याला नवलाची वाटली असणार.

नाशिकला जे साधलं त्यात उंचीचाही हात आहे. सहाशे-सातशे मीटरचं पठार, हिवाळ्यात रात्री दहा अंशांच्या खाली उतरणारा पारा. फळ फेब्रुवारी-मार्चमधे, उन्हाळा चढायच्या आत काढायचं. गार रात्रींमुळे आंबटपणा टिकतो. थोडक्यात, थंड देशाचा उन्हाळा त्यांनी आपल्या हिवाळ्यात शोधला. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंचांची मदत घेऊन फसफसणारी वाईन केली. नव्वदच्या दशकात राजीव सामंत हे स्टॅनफर्डचे इंजिनिअर ओरॅकलमधली नोकरी सोडून नाशिकच्या घरच्या जमिनीवर आले, आंबे-गुलाब वगैरे करून बघितले, शेवटी वाईनची द्राक्षं लावली. २००० साली सुलाची पहिली वाईन आली, २००१ ला सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं. सॉफ्टवेअरवाला नोकरी सोडून शेतात जातो आणि यशस्वी होतो! ही कथा वाचून पुण्यातल्या प्रत्येक आयटीवाल्याला महिन्यातून एकदा राजीनामा टाईप करावासा वाटतो. मलाही वाटला.

म्हणून मी दिवाळीला गावी गेलो तो एक्सेल शीट घेऊनच. गोट्यांची जमीन, दक्षिणेचा उतार, निचरा उत्तम, वाईनची द्राक्षं लावू! बाबांनी शीट शांतपणे बघितलं. मग म्हणाले, "मार्चात इथं रात्री चादर लागते काय रे तुले?"

संपलं. माझं अख्खं शीट एका वाक्यात उडालं. आमची उंची नाशिकच्या निम्मीसुद्धा नाही. फेब्रुवारी सरता सरता भट्टी पेटते, रात्रीही गरम. द्राक्षात साखर भराभर चढेल, आंबटपणा उडून जाईल. (अकलूजसारख्या उष्ण भागातही वाईन होते, हे मी शेवटचा प्रयत्न म्हणून सांगून बघितलं. त्यावर ते म्हणाले, "अकलूजले पानी हाय.")

मग त्यांनी ताण समजावला. संत्र्याच्या झाडालाही बहाराआधी झोप लागते. आंबिया बहार घ्यायचा तर पावसाळा सरल्यावर पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि जानेवारीत पाणी सोडायचं. झाड पांढरं होऊन जातं फुलांनी. जर्मनीत थंडी, नाशिकला कात्री, आणि आमच्याकडे तहान. पण तहान लावायची तर माती वाळली पाहिजे. आमच्या गोट्यांत महिना-दीड महिन्यात ताण बसतो. खालच्या काळ्या मातीत दोन महिने पाणी तोडलं तरी ओल सुटत नाही, त्यात मधेच अवकाळी आला की सगळं मुसळ केरात. शिवाय पाणी साचलं की मुळं कुजतात, खोडातून डिंक गळायला लागतो. ज्या गुणासाठी काळ्या मातीला सोळा आणे मिळाले, तोच गुण संत्र्याला मारतो. माझी इंजिनिअरिंगची फी आंबिया बहारातून गेली. आजी तोवर होती. तरी 'गोटे' म्हणायचं तिने सोडलं नाही.

इथपर्यंत ही आमच्या बाजूने छान चाललेली गोष्ट आहे, पण बाबा जमीन विकायचं का म्हणतात? कारण चाळणीतून पाणी जसं भराभर खाली जातं, तसं ते भराभर उपसूनही घेता येतं. पायथ्याचा सगळा पट्टा बागायती झाला. आबांची विहीर उन्हाळ्यात कोरडी पडते, मग बोअर घेतलं, मग ते खोल केलं. झाडं म्हातारी झाली आहेत, निम्मी शेंड्याकडून वाळतायत. आणि मुलगा हिंजवडीत.

हवा बदलतेय ती तिकडेही. जर्मनीत बर्फाची वाईन करतात, वेलीवरच उणे सात अंशांत गोठलेली द्राक्षं तोडून. २०१९ च्या हंगामात पुरेशी थंडीच पडली नाही आणि देशभरात कुठल्याच प्रदेशात ती होऊ शकली नाही. असं पहिल्यांदाच झालं. मोझेलच्या ज्या बाजूच्या खोऱ्यांत एकेकाळी द्राक्षं पिकत नाहीत म्हणून लोक नाक मुरडायचे, तिथली गार जमीन आता शोधली जातेय. तिथल्या लाल रंगाच्या नकाशाचेही मार्क बदलू लागलेत म्हणायचे. त्यांनी १९७१ च्या कायद्यात तर जागा बाजूला ठेवून रसातल्या साखरेच्या मापावर दर्जा ठरवला होता. थंडीत साखर दुर्मिळ म्हणून साखर म्हणजे गुण. आता साखर आपोआप येते, तर माप कशाचं करणार? आमच्या ऑफिसात असल्या मेट्रिकांवर अप्रेझल होतात, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे.

गिऱ्हाईक मागच्या रविवारी घरी येऊन गेलं. त्याने खड्डा वगैरे काही खणला नाही. रस्त्यापासून अंतर विचारलं आणि प्लॉट किती पडतील ते मोबाईलवर मोजलं. त्याच्या प्रतबंदीत रस्ता सोळा आणे. बाबांनी त्याला दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलंय. मी बाबांना सांगितलंय की वरच्या अंगाची दोन एकर जुनी झाडं काढून नवा संत्रा जंबेरीच्या खुंटावर लावू, नाल्यावर बांध घालून पाणी मुरवू, ठिबक आणि रोपांचा खर्च माझा. उरलेल्या तिनाचं नंतर बघू. ते हो म्हणालेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत.

पण मी त्या पावणेदोन हातांबद्दल फोनवर बोललो होतो, ते त्यांच्या लक्षात राहिलं असावं. काल संध्याकाळी फोन आला. मागे कुदळीचा आवाज. म्हणाले, "दीड वीत माती, मंग मुरूम, मंग गोटे. खाली वल हाय अजून. तुह्या इंग्रजानं किती आने देले होते म्हने?"

मी म्हणालो, बहुतेक तीन.

"लिहून ठेव," म्हणाले, आणि फोन ठेवला.

चला, उद्या सोमवार. नऊचा स्टँडअप आहे.